साहाय्यार्थ कार्यक्रम : रचना, कार्य आणि हिशेब

गंभीर आजारी असलेल्या मुलाच्या उपचारांसाठी पैसे उभे करण्याच्या हेतूने नाट्यगृहात किंवा मंगल कार्यालयात जो तीन-साडेतीन तासांचा समारंभ होतो, त्याला साहाय्यार्थ कार्यक्रम म्हणतात. बोलताना सगळे 'चॅरिटी शो' म्हणतात. त्याचे मुख्य घटक पाच : समिती, देणगी प्रवेशिका, स्मरणिका, व्यासपीठ आणि हिशेब. ज्याच्यासाठी हे सगळे चालते ते मूल हा सहावा घटक. तो बहुधा सभागृहात नसतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा सर्दी-खोकलाही महागात पडतो. आठशे माणसे, ढीगभर हार-गुच्छ आणि गालगुच्चा घ्यायला टपलेले मान्यवर ही अशा मुलासाठी फार धोक्याची जागा आहे. डॉक्टर मनाई करतात तेव्हा समितीतला एखादा सदस्य "पाचच मिनिटं, नुसतं स्टेजवर उभं करू" अशी तडजोड सुचवतो. जंतूंना ही तडजोड मान्य नसते.

मराठी मुलखात या प्रकाराला जुना वारसा आहे. त्यातला सर्वात गाजलेला प्रयोग ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान'. एरवी एकमेकांचा प्रेक्षक पळवणाऱ्या गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन कंपन्या त्या रात्री एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. पैसे स्वराज्यासाठी द्यायचे होते हे खरे, पण तिकीट काढणाऱ्याच्या डोक्यात दुसराच प्रश्न होता : आज कोण कोणाला गाण्यात मागे टाकणार? सत्कार्य आणि कुतूहल एकाच तिकिटावर विकता येतात, हा या क्षेत्राचा मूळ सिद्धांत तिथे सिद्ध झाला. नाटकाचे नावही पुढची शंभर वर्षे समितीच्या बैठकांना पुरले.

सरकारनेही या वारशाची दखल घेतली. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यात धर्मादाय प्रयोगांना करमाफी देण्याची सोय होती. त्यासाठी अर्ज, हिशेब आणि जिल्हाधिकारी कचेरीतल्या खेपा लागत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. नाटक, नृत्य आणि गाण्याच्या कार्यक्रमांना माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर तो लागत नाही. म्हणून साहाय्यार्थ कार्यक्रमाची पहिल्या रांगेची प्रवेशिका पुष्कळदा बरोबर ५०० रुपयांची असते. दानशूरपणाची कमाल मर्यादा अशी अप्रत्यक्षपणे जीएसटी परिषदेने ठरवून दिली आहे.

पैशांच्या बाजूने पाहिले तर मुलांच्या आजारांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग एकरकमी आजारांचा. हृदयाला जन्मतः छिद्र आहे, एक शस्त्रक्रिया लागणार आहे, रुग्णालयाने खर्चाचा अंदाज लेटरहेडवर लिहून दिला आहे. समित्यांना हा वर्ग मनापासून आवडतो. आकडा एकच असतो, तो फ्लेक्सवर मावतो आणि कार्यक्रमानंतर महिनाभरात "शस्त्रक्रिया यशस्वी" असा निरोप गटावर टाकता येतो.

दुसरा वर्ग हप्त्यांच्या आजारांचा. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग लहान मुलांत सर्वाधिक आढळतो. तो चांगल्या केंद्रात बरा होण्याची शक्यता मोठी असते. पण उपचार टप्प्याटप्प्याने दोन ते अडीच वर्षे चालतात. औषधांइतकाच पैसा खोलीचे भाडे, जेवण, रिक्षा आणि वडिलांची बुडालेली मजुरी यांत जातो. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले; तिथे येणाऱ्या परगावच्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कित्येक वर्षे आसरा दिला आहे, आणि कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य राहता यावे म्हणून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सने २००६ मध्ये मुंबईत काम सुरू केले. या सोयी नसत्या तर पुष्कळ आईबाप उपचार अर्धवट टाकून गावी परतले असते. बालकर्करोगाच्या डॉक्टरांना औषधांइतकीच या परतीची काळजी असते. साहाय्यार्थ कार्यक्रमाची अडचण इथेच आहे. आजार अडीच वर्षांचा आणि सहानुभूती एका संध्याकाळची. दुसऱ्या वर्षी त्याच मुलासाठी प्रवेशिका घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला "अजून बरा नाही झाला?" असे विचारले जाते, आणि विचारण्याच्या सुरात किंचित तक्रार असते.

तिसरा वर्ग नाट्यगृहाच्या आवाक्याबाहेरचा. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या आनुवंशिक आजारावरच्या झोल्जेन्स्मा या जनुकीय औषधाला अमेरिकेत मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली. किंमत २१ लाख २५ हजार डॉलर. भारतात हा आकडा १६ कोटी रुपये म्हणून लोकांच्या तोंडी बसला. आठशे खुर्च्यांचे नाट्यगृह ५०० रुपये दराने गच्च भरले आणि खर्च शून्य धरला, तरी एका प्रयोगाचे ४ लाख होतात. म्हणजे १६ कोटींना ४०० प्रयोग. दर रविवारी एक याप्रमाणे साडेसात वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि ती मान्यता दोन वर्षांखालच्या बाळांसाठी आहे. अशा वेळी लोक मिलाप (२०१०) किंवा केट्टो (२०१२) यांसारख्या ऑनलाइन मंचांकडे वळतात. तिथे भाषण नाही, नारळ नाही, आभार प्रदर्शनही नाही. म्हणूनच की काय, जुन्या कार्यकर्त्यांना त्या पैशात काहीतरी उणे वाटते.

आता समिती. समितीत अध्यक्ष, कार्याध्यक्ष, स्वागताध्यक्ष, निमंत्रक, सहनिमंत्रक, सल्लागार आणि कोषाध्यक्ष असतात. काम करणारे तिघे : बँकेतून निवृत्त झालेला कोषाध्यक्ष, वही घेऊन फिरणाऱ्या एक काकू आणि दुचाकी असलेला एक मुलगा. बाकीच्यांचे काम नाव देणे. पहिल्या बैठकीत आजाराची माहिती पाच मिनिटांत संपते आणि उरलेले दोन तास निमंत्रण पत्रिकेवरच्या नावांच्या क्रमावर खर्च होतात. आजी नगरसेवक वर की माजी आमदार वर, हा प्रश्न सुटेपर्यंत मुलाचे एक केमो सायकल पूर्ण झालेले असते. सल्लागारांच्या यादीत एक नाव नेहमी अशा गृहस्थाचे असते, ज्यांना आपण सल्लागार आहोत हे पत्रिका हाती आल्यावर कळते.

समितीला एक कायदेशीर पायरीही ओलांडावी लागते, आणि तिची आठवण फक्त कोषाध्यक्षाला असते. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळींना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सवाची वर्गणीही याच कलमाखाली येते. "चांगल्या कामाला कसली परवानगी?" असे समितीतले सगळे एका सुरात म्हणतात. कोषाध्यक्ष काही बोलत नाही. तो अर्ज भरतो.

त्यानंतर तारीख. महाराष्ट्रातल्या नाट्यगृहांत दिवसाची सकाळ, दुपार आणि रात्र अशी सत्रे पाडलेली असतात. शनिवार-रविवारच्या तारखा व्यावसायिक नाटकांनी आधीच उचललेल्या असतात. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर असो की ठाण्याचे गडकरी रंगायतन, नवख्या समितीच्या वाट्याला बहुधा आठवड्याच्या मध्यातली दुपार येते. ही तारीख मिळाल्याचा आनंद समितीला इतका होतो, की त्या दिवशी सगळे लोक कचेरीत असतात हे दोन दिवसांनी लक्षात येते.

कार्यक्रमाचे तीन प्रकार प्रचलित आहेत. पहिल्यात चालू नाटकाचा प्रयोग विकत घेतात. नट-नट्यांची नाईट (एका प्रयोगाचे मानधन), बस, टेम्पो, नेपथ्य हे सगळे धरून निर्माता एक रक्कम सांगतो. त्यापुढे जे मिळेल ते मुलाचे. कलावंत मंडळी अनेकदा नाईट निम्मी करतात, कधी सोडूनही देतात, आणि ते कोणाला सांगू नका अशी गळ घालतात, कारण पुढच्या महिन्यात आणखी चार समित्या दारात उभ्या राहतील. दुसरा प्रकार जुन्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्राचा. तिसरा प्रकार अलीकडचा आणि आर्थिकदृष्ट्या क्रांतिकारक : कराओके. निवृत्तीनंतर गाणे शिकलेल्या नागरिकांचे गट आता प्रत्येक उपनगरात आहेत. नाटकात कलावंताला पैसे द्यावे लागतात. कराओकेत गायक स्वतः पैसे भरून गातो, शिवाय दहा नातेवाईक प्रवेशिका काढून आणतो. तीस गायकांनी दोन-दोन हजार भरले, की पडदा उघडण्यापूर्वीच साठ हजार जमा. कलेचा दर्जा खाली जातो तसतशी मदतीची रक्कम वर जाते. श्रोत्यांची सहनशक्ती ही या व्यवहारातली खरी देणगी असून तिची पावती मिळत नाही.

प्रवेशिका विकणे हे कष्टाचे काम आहे. ग्राहकांचे ठरलेले नमुने आहेत. पहिला नमुना तारीख ऐकण्याआधीच म्हणतो, "अरेरे, नेमके त्या दिवशी आम्ही गावाला." दुसरा मुलाच्या आजाराची सविस्तर चौकशी करतो, आपल्या मेहुणीच्या मुलाचा आजार त्याहून मोठा होता हे पटवून देतो, एका आयुर्वेदिक वैद्यांचा पत्ता देतो आणि चहा पाजून पाठवतो. तिसरा विचारतो, "पुढच्या रांगेतली आहे का? आणि पार्किंग?" चौथा चार प्रवेशिकांचे पैसे देतो आणि म्हणतो, "यायला जमणार नाही, हं." हा चौथा माणूस समितीचा खरा आधार. तो खुर्ची अडवत नाही, वडा खात नाही आणि त्याच्या जागी सन्मानिकेवर आलेल्या कोणाची तरी सोय होते. अनुभवी काकू म्हणूनच दारात उभे राहिल्याबरोबर सांगतात, "यायलाच पाहिजे असं नाही, नुसतं घ्या." या एका वाक्याने विक्री झपाट्याने वाढते.

सन्मानिका म्हणजे फुकट प्रवेशिका. ती पोलीस ठाणे, महापालिका, वीज खाते, वर्तमानपत्रे, नाट्यगृहाचे व्यवस्थापक आणि ज्यांना न दिल्यास राग येईल अशा सर्वांना द्यावी लागते. सन्मानिकेवर आलेला माणूस तीन ठिकाणी ओळखू येतो : तो सर्वात पुढे बसतो, ध्वनियंत्रणेबद्दल सर्वात आधी तक्रार करतो आणि देणगीची डबी फिरते तेव्हा मोबाइलवर फार महत्त्वाचा निरोप वाचत असतो.

स्मरणिका हे या कार्यक्रमाचे वाङ्मयीन अंग. वास्तविक ती काढायची असते ती जाहिरातींसाठी. मजकूर हा जाहिरातींमधली जागा भरण्यापुरता. मुखपृष्ठावर मुलाचा फोटो, आत मंत्र्यांपासून मंडळाध्यक्षांपर्यंतचे शुभसंदेश. हे संदेश एकाच साच्यातून काढलेले असतात : उपक्रम स्तुत्य आहे, समाजाने आदर्श घ्यावा, उपक्रमास शुभेच्छा. मुलाचे नाव घालण्यासाठी सोडलेली जागा कधी कधी तशीच छापली जाते. मागच्या पानांवर मिठाईवाले, बांधकाम व्यावसायिक, कोचिंग क्लास आणि पतसंस्था यांच्या हार्दिक शुभेच्छा. कर्करोगाच्या मदतनिधीत तंबाखू विक्रेत्याची अर्धे पान जाहिरात आली तर घ्यावी की नाही, यावर तासभर गंभीर चर्चा होते. शेवटी 'एक हितचिंतक' असा तोडगा निघतो.

फ्लेक्सचे गणित वेगळे. त्यावर मुलाचा फोटो एका कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढा, तर शुभेच्छुकांचे चेहरे परातीएवढे असतात. लांबून पाहणाऱ्याला नेमके आजारी कोण आहे हा प्रश्न पडतो. तरी फ्लेक्सवरच्या चेहऱ्याचे शुल्क घेण्याची कल्पना ज्या समितीला वेळीच सुचते, तिचा निधी लक्षणीय वाढतो. चेहरा दाखवण्याची हौस फुकट पुरवणे हा मदतनिधीचा सर्वात मोठा छुपा तोटा आहे.

प्रत्यक्ष दिवशी कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू होतो, कारण प्रमुख पाहुणे आधी दुसऱ्या ठिकाणी दीपप्रज्वलन करत असतात. ते आल्यावर इथले दीपप्रज्वलन. वातानुकूलित सभागृहातही पंखा समईच्या नेमका समोर असतो. पाच मान्यवर एकाच मेणबत्तीला हात लावून छायाचित्रकाराकडे पाहतात आणि वात कोणीच पाहत नाही. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह. सत्कारांची संख्या व्यासपीठावरच्या खुर्च्यांवर अवलंबून नसते; ज्यांचा सत्कार राहिला ते खालून वर येतात. निवेदिकेकडे प्रत्येक पाहुण्यासाठी एक चारोळी तयार असते, आणि करुण प्रसंगासाठी राखून ठेवलेली चारोळी ती चुकून नगरसेवकांसाठी वापरते.

भाषणांचे विषय तीन. पहिल्या भाषणात वक्ता माणुसकी अजून जिवंत असल्याचे जाहीर करतो. दुसऱ्या भाषणात आपण हे काम किती वर्षे करत आहोत हे येते. तिसऱ्या भाषणात मूल येते. पण तोवर पुढच्या रांगा "आता नाटक सुरू करा" अशा अर्थाने टाळ्या वाजवू लागतात आणि वक्त्याला तो प्रतिसाद वाटतो. मुलाची बाजू मांडायला वडिलांना बोलावतात. ते माइकपासून दीड फूट लांब उभे राहून दोन वाक्ये बोलतात. सबंध संध्याकाळीत नेमके, मुद्द्याचे आणि वेळेत संपणारे भाषण एवढेच. त्या दोन वाक्यांनंतर डबीत पडणारे पैसे आधीच्या दीड तासाच्या वक्तृत्वापेक्षा जास्त भरतात, पण या निरीक्षणाचा पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिकेवर परिणाम होत नाही.

मध्यंतरात बटाटेवडा. वड्याचे उत्पन्न उपाहारगृहाचे, की मुलाचे, यावर प्रेक्षकांत गैरसमज असतो. काही जण दोन वडे जादा खाऊन मदत केल्याचे समाधान मिळवतात. मध्यंतरानंतर लिलाव. लिलावात पैठणी, एखादे चित्र आणि क्रिकेटपटूच्या सहीची बॅट असते. सही नेमकी कोणाची आहे हे वाचता येत नाही, त्यामुळे बोली लावणाऱ्याला आपल्या आवडीचा खेळाडू निवडण्याची मुभा राहते. लिलावाचे तंत्र सोपे आहे : एकाच धंद्यातले दोन व्यापारी वेगवेगळ्या रांगांत बसवावेत. सत्कारात मिळालेले नारळ व्यासपीठावरच सोडून गेलेल्या पाहुण्यांचे नारळही पुन्हा लिलावात निघाल्याची परंपरा आहे; असा एक नारळ एका संध्याकाळीत तीनदा मान देऊन शेवटी चांगला भाव मिळवतो.

सोहळ्याचा कळस म्हणजे धनादेश प्रदान. यासाठी फोमच्या पत्र्यावर चार फुटी धनादेश छापतात. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०१२ पासूनच्या नियमानुसार खरा धनादेश तीन महिने चालतो. फोमचा मात्र वर्षानुवर्षे माळ्यावर टिकतो आणि पावसाळ्यात खिडकीला लावता येतो. त्यावरची रक्कम कार्यक्रम संपण्यापूर्वी छापलेली असल्याने ती अंदाजाची असते. खरा धनादेश कोषाध्यक्षाच्या खिशात असतो. तो जाणता असेल तर धनादेश नातेवाइकांच्या नावे न काढता रुग्णालयाच्या नावे काढतो आणि मागे मुलाचा केस पेपर क्रमांक लिहितो. त्यामुळे पैसा थेट उपचारांच्या खात्यात जातो आणि दूरच्या काकांनी त्यातून शेतात विहीर खणल्याच्या वावड्यांना जागा उरत नाही.

देणगीदारांचा एक प्रश्न कोणत्याही कार्यक्रमात चुकत नाही : "एटी-जी आहे ना?" प्राप्तिकरातली ही सवलत मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, एखाद्या मुलाला किंवा त्याच्या आईला दिलेल्या पैशांवर नाही, आणि संस्थेलाही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यावर मिळत नाही. शिवाय नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. प्रश्न विचारणारे कित्येक जण नव्या प्रणालीत गेलेले असतात. तरीही ते विचारतात, कारण पावतीवर तो शिक्का पाहिल्याशिवाय पुण्य लागल्यासारखे वाटत नाही.

आता हिशेब. समजा, आठशे खुर्च्यांचे सभागृह आहे. सन्मानिका १२०, न विकलेल्या ८०, म्हणजे विकलेल्या ६०० प्रवेशिकांचे ५०० रुपयांनी ३,००,००० रुपये. स्मरणिकेच्या जाहिराती १,६०,०००, लिलाव ४५,०००, डब्या २२,३५०. एकूण जमा ५,२७,३५० रुपये. खर्चाची बाजू : नाटक १,६०,०००, भाडे २०,०००, ध्वनी-प्रकाश २५,०००, स्मरणिकेची छपाई ४८,०००, फ्लेक्स १४,०००, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्हे ३१,०००, चहा-फराळ १९,०००, व्हिडिओ शूटिंग १२,०००. एकूण ३,२९,०००. हाती १,९८,३५० रुपये. या उदाहरणात शाली, नारळ आणि स्मृतिचिन्हे यांवर झालेला खर्च डब्यांतून जमलेल्या पैशांहून जास्त आहे. म्हणजे प्रेक्षकांनी मुलासाठी डबीत टाकलेला पैसा न् पैसा मान्यवरांच्या खांद्यांवर पडला आणि त्यांना आणखी ८,६५० रुपये कमी पडले. हे विधान कोषाध्यक्ष बैठकीत करत नाही. तो फक्त दोन्ही आकडे एकाखाली एक लिहितो.

हिशेबात न येणारी मदत आणखी मोठी असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पूर्वी दीड लाखापर्यंतच्या उपचारांचे संरक्षण होते. ते आता ५ लाखांपर्यंत गेले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली आणि त्याखाली अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियाही मोफत होतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात, शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकावी लागते. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, रुग्णालयाचे समाजसेवा अधीक्षक आहेत. या सगळ्यांसाठी रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आधार, खर्चाचे अंदाजपत्रक आणि झेरॉक्सचे गठ्ठे लागतात. दुचाकीवाला मुलगा चार दिवस रांगेत उभा राहून हे जमवतो, तेव्हा कधी कधी सबंध संध्याकाळच्या निव्वळ उत्पन्नाहून जास्त पैसे वाचतात. रांगेत उभे राहणाऱ्याला शाल देण्याची प्रथा नाही.

रक्ताचेही तसेच. केमोच्या दिवसांत मुलाला प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि त्या काढल्यानंतर पाचच दिवस टिकतात. म्हणजे मोठ्या शिबिरात एका दिवशी दोनशे जणांनी दिलेल्या प्लेटलेट्स पुढच्या महिन्याच्या कामाच्या नाहीत, दर आठवड्याला ताजा दाता हवा. रक्तदात्याचे वय १८ ते ६५ असावे लागते. व्यासपीठावरच्या बहुतेकांची या अटीतून आपोआप सुटका होते. बाकीच्यांना रक्त देताना फोटो काढता येतो एवढे सांगितले, तरी यादी बरीच लांब होते.

इथे साहाय्यार्थ कार्यक्रमाचे खरे कार्य स्पष्ट होते. तो मिरवण्याच्या हौसेचे रूपांतर औषधात करतो. हौस नसती तर प्रवेशिका, जाहिरात, लिलाव, फ्लेक्स यांतले काहीच विकले गेले नसते, आणि न मिरवता देणारे चौथ्या नमुन्याचे लोक सगळा खर्च भागवण्याइतके कधीच नसतात. म्हणून हौसेला नावे ठेवणे समितीला परवडत नाही. तिला फक्त हौसेचा दर ठरवावा लागतो आणि तो आगाऊ वसूल करावा लागतो. खुद्द मुलाच्या मागण्या या सगळ्यात बसत नाहीत. सुई डाव्या हाताला टोचावी म्हणजे उजव्या हाताने मोबाइलवरचा खेळ खेळता येतो, आणि वॉर्डातल्या शेजारच्या खाटेवर मित्रच असावा, अशा त्या असतात. त्या अंदाजपत्रकात येत नाहीत आणि बऱ्याचदा नर्सच पुऱ्या करते.

शेवटचा भाग शिल्लक रकमेचा. कधी योजनेतून मंजुरी मिळते आणि जमलेले पैसे उरतात. कधी ते उरण्याचे कारण वेगळे असते. अशा वेळी बैठक लहान होते आणि क्रमावर वाद होत नाही. उरलेली रक्कम त्याच रुग्णालयातल्या दुसऱ्या मुलाच्या खात्यात वळवावी, असा ठराव काकू मांडतात आणि कोषाध्यक्ष अनुमोदन देतो. मूळ देणगीदारांना तसे कळवण्याचे पत्र छापले जाते. त्या दुसऱ्या मुलाला आणखी तीन लाख कमी पडतात, हे समाजसेवा अधीक्षकांकडून कळते. सबब समिती बरखास्त न करता कायम ठेवावी, असेही ठरते. ठराव सर्वानुमते मंजूर होतो. नव्या पत्रिकेवरच्या नावांचा क्रम पुढील बैठकीत ठरेल.